बीजिंगमध्ये ब नाहीच मुळी

2020 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात एक प्राध्यापक ऑनलाइन शिकवत होते. विषय असा की बोलताना माणसं अडखळली की मध्ये काय भरतात. आपण कसं "ते... आपलं... हे..." करतो, तसं चिनी माणूस "नेइ-ग, नेइ-ग" करतो, असं उदाहरण त्यांनी दिलं. अर्थ काय तर फक्त "ते". पण वर्गातल्या काही काळ्या विद्यार्थ्यांना त्यात इंग्रजीतली अत्यंत घाणेरडी वर्णद्वेषी शिवी ऐकू आली, तक्रार झाली आणि कोर्स दुसऱ्याकडे गेला. पुढे चौकशीत नियमभंग वगैरे काही निघाला नाही.

यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर भांडून झालंय, त्यात मला पडायचं नाही. मला त्यातला तो "ग" आवडतो. कारण हळू, सुटं म्हणायला सांगितलं तर चिनी माणूस "नेइ-क" म्हणेल! आपला साधा क. घाईत तो ढिला पडून ग कडे झुकतो एवढंच. मग इंग्रजी कानाला सरळ ग का ऐकू येतो?

एक प्रयोग करा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून म्हणा: ताट, थाट, दाट, धाट (धाट म्हणजे ज्वारीचं). थाटला कागद हलतो, ताटला जवळपास नाही. आता गळ्यावर बोट ठेवा. दाट म्हणताना जीभ दातावरून सुटायच्या आधीच गळ्यात गुणगुण सुरू झालेली असते. ताटला जीभ सुटली आणि गुणगुण सुरू, जवळजवळ एकदमच. थाटला जीभ सुटते, नुसती हवा फुस्स करून जाते, आणि गुणगुण नंतर उगवते. म्हणजे सगळा खेळ जीभ किंवा ओठ सुटणं आणि गळा सुरू होणं यांच्यात किती वेळ गेला याचा, आणि तो वेळ मोजायचा मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात!

लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1964 साली हाच वेळ 11 भाषांमध्ये मोजला. त्यात इंग्रजी होती, चीनमधली कॅन्टनीज होती आणि चक्क मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या पी ला सरासरी 58 मिलिसेकंद निघाले, टी ला 70, के ला 80. म्हणजे हे खरे फ, थ, ख कडचे (फ म्हणजे फळातला, फॅनमधला नव्हे). आणि बी, डी? कधी गळा आधी सुरू, पण पुष्कळदा शून्याच्या आसपास, म्हणजे आपला प आणि त! इंग्रजी कानाला दोनच डबे आहेत, हवावाला आणि बिनहवेचा, आणि बिनहवेचा जो येईल तो बी-डी-जी च्या डब्यात.

मँडरिन म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेतही डबे दोनच, पण तिथे द, ब, ग हे स्वतंत्र वर्णच नाहीत. त आणि थ, प आणि फ, संपलं. 1958 साली चीनने पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत आणली तेव्हा डी, बी, जी ही अक्षरं मोकळीच पडली होती, मग त साठी डी आणि थ साठी टी वापरून टाकलं. चिनी पोरांसाठी एकदम सोयीचं. त्याआधीच्या इंग्रजांच्या पद्धतीत दोन्हीला टी च होता, फक्त थ च्या टी वर एक बारकं चिन्ह असायचं आणि छापणारे ते बिनधास्त गाळायचे.

त्यामुळे "पेकिंगचं नाव बदलून बीजिंग केलं, आपल्या मुंबईसारखं" असं जे सांगतात ते चूक आहे. चिनी लोक आधीही आणि आताही साधारण "पेइचिंग" म्हणतात, च चहातला. रोमन स्पेलिंग तेवढं बदललं. (पेकिंगमधला क हा जुन्या उच्चाराचा अवशेष, ते प्रकरण वेगळं.) गंमत म्हणजे आपल्या जुन्या पेपरांतलं "माओ त्से-तुंग" हे आताच्या "झेडाँग"पेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे, कारण तिथे झेड म्हणजे चांगलामधला च आणि डी म्हणजे त. तसंच रोमन लिपीत सी-ए-आय असं लिहिलेलं "त्साय" हे आडनाव इंग्रज "काय" असं वाचतो, आणि त्याचा धनी ओ देत नाही.

आता कुणीतरी लगेच "देवनागरी हीच जगातली सायंटिफिक लिपी, नासानेही मान्य केलंय" हा फॉरवर्ड पाठवेल. नका पाठवू. चहा आणि चांगला यातले दोन वेगळे च आपण एकाच अक्षरात लिहितो. आणि त्या 1964 च्या मोजपट्टीवर द आणि ध नीट वेगळे निघालेच नाहीत, कारण दोन्हीत गळा आधीच सुरू असतो, फरक नंतरच्या हवेत.

शिवाय चिनी सूर आपल्यालाही झेपत नाहीत. "माय" हा चिनी शब्द सूर खाली नेऊन उचलला तर विकत घेणे, धाडकन वरून खाली टाकला तर विकणे. इंग्रज माणूस वाक्य संपलं म्हणून सवयीने सूर खाली टाकतो, आणि घ्यायला आलेला गिऱ्हाईक विकायला आल्यासारखा बोलतो. आपणही "आलास?" आणि "आलास." यात सूरच तर बदलतो, तेव्हा आपणही तिथे तसेच आपटणार.

उलट दिशेने बघा. इंग्रजीत एस नंतरच्या पी ला हवा नसते, "स्पीक" मधला प अगदी आपल्यासारखा कोरडा. चिनी कानात तो बी च्या डब्यात पडतो, म्हणून चीनमधल्या शाळांत इंग्रजीचे मास्तर मुलांना नियमच शिकवतात की एस नंतर पी आला की बी म्हणा, "स्बीक". मुलं तसं म्हणतात, आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला काही वेगळं झाल्याचा पत्तासुद्धा लागत नाही.