दुष्काळामागून आलेल्या संस्था

मराठवाड्यात पाणी-माती सांभाळणाऱ्या संस्थांचा इतिहास दुष्काळांच्या क्रमानेच सांगावा लागतो. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, पाझर तलावांच्या कामावर गेली; त्यातूनच पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. परभणीचं कृषी विद्यापीठही 1972 चंच. 1976 मध्ये गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं आणि 1980 मध्ये औरंगाबादेत ‘वाल्मी’, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, उभी राहिली. तोवर सगळा भर धरणावर आणि कालव्यावर. कालवा जिथं पोचणारच नव्हता त्या कोरडवाहू गावांचं काय, हे कोडं तसंच राहिलं.

त्याचं एक उत्तर जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत मिळालं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने 1996 च्या सुमारास इथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला. काम माथ्यापासून पायथ्याकडे: आधी डोंगरउतारावर चर, मग शेतात बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध. मात्र पैशाआधी अटी होत्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. शेळ्या पाळणाऱ्याला चराईबंदी पटवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. पुढे गावात शेततळी झाली, द्राक्षं आली. माझ्या मते कडवंचीत चरांइतकंच या अटी पाळणाऱ्या गावाने काम केलं.

सरकारी बाजूने 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, हे तोवर बरंचसं राजकीय वजनावर ठरायचं. गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवरून प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला, 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. 2014 च्या आदेशानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. नगर-नाशिककर दरवर्षी कुरकुरतात, पण भांडायला निदान एक आकडा आहे.

जमिनीखालच्या पाण्याला तसा आकडा लागू झालाच नाही. 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी केली. म्हणजे साधारण दोनशे फूट. मराठवाड्यात सहाशे-आठशे फुटांची बोअर कुणाला नवी नाही. रिग मशीन रातोरात येतं, सकाळी रानात पांढरा चिखल उरतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा हा कायदा पुस्तकात होताच.