जुन्या गाडीच्या वायरिंगचे फॉल्ट घरी काढणं (बेळगाव सीमाभाग)

लाईट मंद पडणं, सेल्फ न उचलणं, फ्यूज सारखा उडणं, रात्रीत बॅटरी उतरणं असले फॉल्ट गॅरेजला न जाता दारातच शोधून काढायचं हे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि खाली कारवारच्या किनाऱ्यापर्यंत मारुती 800, ओमनी, महिंद्राच्या जीपा, जुनी बुलेट, चेतक या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, आणि त्यांच्यात कॉम्प्युटर एकतर नसतो किंवा लाईट-हॉर्नच्या वाटेत तरी येत नाही, बॅटरी, फ्यूज, स्विच, वायर, बल्ब एवढाच संसार, त्यामुळे टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) आणि व्होल्ट-अँपिअर मोजायचा साधा डिजिटल मल्टीमीटर असला की बरंच काम घरी होतं. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तेव्हा गाडी दाखवताना लाईट, इंडिकेटर, हॉर्न चालू असावेच लागतात, म्हणून त्या सुमाराला बरेच जण याच्या मागे लागतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की जुन्या गाडीत बहुतेक वेळा पार्ट चांगला असतो, जोड खराब झालेला असतो, आणि त्यातही अर्थचा जोड. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला आणि बॉडीला बोल्टनं आवळलेली असते, तिथून पुढं करंट परत यायला गाडीचा पत्राच वायरचं काम करतो. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळाभर गाडी ओलीच राहते, त्या बोल्टखाली गंज धरतो. कारवारकडं खाऱ्या हवेनं तांब्याची वायर आतून हिरवी होते, वरचं कव्हर मात्र नव्यासारखं दिसतं. मग लोक बॅटरी बदलतात, सेल्फ बदलतात, हजारो रुपये जातात आणि फॉल्ट तिथंच.

अर्थ गेल्याची एक खूण मीटरशिवाय पण कळते. इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेललॅम्प पण त्याच्याबरोबर लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच बल्ब मंद पेटतो. करंटला घरी जायची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. असं दिसलं की बल्ब बदलू नका, आधी त्या लॅम्पची अर्थची वायर बघा.

मीटरनं बघायची पद्धत अशी. हेडलाईट चालू ठेवायची, मीटर 20 व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर म्हणजे क्लॅम्पवर नाही तर खुद्द शिशावर, आणि लाल पिन बल्बच्या होल्डरच्या अर्थ टोकाला. 0.1-0.2 व्होल्ट आलं तर ठीक. 1 व्होल्टच्या आसपास आलं तर अर्थमध्ये करंट अडतोय, मग लाल पिन एकेक जोड मागं आणत जायचं, होल्डर, बॉडीचा बोल्ट, इंजिनची अर्थची पट्टी, बॅटरीचा क्लॅम्प, आणि जिथं आकडा एकदम खाली पडला तिथं त्या दोन जागांच्या मधला जोड खराब. 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो, दोन मिळून 10, एवढ्या करंटला 0.1 ओहमचा अडथळा पण 1 व्होल्ट खातो, आणि व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड साधारण 30 टक्के कमी होतो. सेल्फ तर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, तिथं 0.01 ओहम सुद्धा भारी पडतो. हीच टेस्ट ओहमच्या रेंजवर केली तर फसायला होतं, कारण वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो. दुरुस्ती मात्र सोपी, बोल्ट काढून पॉलिशपेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, घट्ट आवळायचा, मग वरून व्हॅसलीन.

बॅटरी आणि चार्जिंगचं थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीची 12 व्होल्टची चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरली, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.4 आलं पाहिजे. चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) तपासायची जुनी सवय सोडा, त्यात त्याचे आतले डायोड जळतात. जुन्या बऱ्याच बाईकची हेडलाईट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून तयार होणाऱ्या विजेवर चालते, रेस कमी केली की ती मंदावणारच, तो फॉल्ट नव्हे.

फ्यूज सारखा उडत असेल तर त्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटची चांदी लावणं सगळीकडं चालतं, आणि ते जीवघेणं आहे, कारण मग फ्यूजच्या जागी वायर जळते आणि वायरबरोबर गाडी. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या खाचेच्या दोन टोकांना 21 वॅटचा ब्रेकलाईटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडानं पेटतो, आणि करंट बल्बमधून जात असल्यानं काही जळत नाही. आता त्या लाईनीचे कपलर (वायरींचे काढता येणारे जोड) एकेक काढत, वायर हलवत जायचं, बल्ब विझला की शॉर्ट तिथंच. बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीजवळ, पत्र्याच्या भोकात घासलेली किंवा उंदरानं कुरतडलेली वायर सापडते, शेताजवळच्या घरात तर उंदीरच जास्त.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि खुंटी यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर जोडायचा, सेल्फ मारायचा नाही. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर जात असेल तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी 70 तासांत पूर्ण रिकामी, सेल्फ उचलायचं तर त्याच्या खूप आधी थांबतं. मग फ्यूज एकेक काढत बघायचं. डिकीचा दिवा, नंतर बसवलेला स्टिरिओ, अल्टरनेटरचा डायोड हे नेहमीचे.

ऊसाच्या सीझनला निपाणी-चिकोडीकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हेच लागू. टेललॅम्पची अर्थ ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनेवर सोडलेली असते, पिन ग्रीस-मातीनं भरलेली, त्यामुळे लाईट खड्ड्याला पेटते आणि सपाटीला विझते. प्लगमधून वेगळी अर्थ वायर ओढायला अर्धा तास पुरतो. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव त्यावर आहे, म्हणून ही दुरुस्ती पुढं ढकलू नये.

काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हातातली अंगठी-घड्याळ काढायची, चार्जिंगवरच्या बॅटरीजवळ विडीकाडी नको कारण हायड्रोजन निघतो. सेल्फचं जळालेलं आर्मेचर (आतला फिरणारा भाग), अल्टरनेटरचं वाइंडिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडं द्यायचं. एअरबॅगवाल्या गाडीचं पिवळ्या कव्हरचं वायरिंग तर घरी उघडायचंच नाही.