सोलापुरी टॉवेल, बर्फ आणि भरतीचं मैदान

मार्च सरतो तसा सोलापुरात पारा चाळिशीला टेकतो, आणि पोलीस-सैन्य भरतीची पोरं मैदानावर 1600 मीटरची वेळ काढत असतात. पळताना खर्चलेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर काढतो घाम, पण अंगावर वाळला तरच. टपटप गळून गेलेला घाम वाया. म्हणून वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणं हा शुद्ध वेडेपणा.

उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ घटतं. पहिल्या आठवड्यात अंतर निम्मंच ठेवावं आणि पहाटे पळावं. संध्याकाळी ऊन उतरलं तरी जमीन तापलेलीच असते. ताप, जुलाब किंवा जागरण झालं असेल त्या दिवशी सुट्टी. पाणीही बेतानं: तासाला दीड लिटरच्या वर ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं.

खरा धोका उष्माघाताचा, आणि तो ओळखू येतो बोलण्यावरून. पोरगा झोकांड्या खातो, नाव विचारलं तर भलतंच सांगतो. अंग मात्र घामानं निथळत असतं, त्यामुळे ‘ऊन लागलं असतं तर घाम आटला असता’ असं म्हणत लोक बसून राहतात. आतलं तापमान तेव्हा 40 अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, आणि काखेतला थर्मामीटर ते दाखवत नाही.

इथं सोलापूरकरांच्या घरचीच वस्तू कामाला येते. मैदानावर बर्फाच्या पाण्याच्या टपात आठ-दहा टॉवेल भिजवून ठेवा. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत थांबू नका. सावलीत नेऊन कपडे-बूट काढा. डोकं, मान, काखा, छाती, जांघा, मांड्या ओल्या टॉवेलांनी झाका. दोन-तीन मिनिटांत टॉवेल कोमट होतो, लगेच बदला. वारा घालत राहा. ताडपत्री चौघांनी झोळीसारखी धरून त्यात बर्फाचं पाणी ओतलं तर आणखी उत्तम, फक्त तोंड पाण्याबाहेर राहील असं धरा. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवायचा असतो.

कांदा हुंगवू नका, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचाही इथं उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकून लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.