नळीतली मज्जा आणि रक्त बनवणारी मज्जा

कोल्हापुरात मटण घेताना ‘जरा नळी टाका की’ म्हटलं नाही असं गिऱ्हाईक विरळाच. अशक्त पोरीच्या, बाळंतिणीच्या ताटात तर ती आवर्जून पडते; का, तर रक्त भरतं म्हणे. मज्जेत रक्त तयार होतं हे खरं. पण ती मज्जा ही नव्हे.

मज्जा दोन रंगांची, लाल आणि पिवळी. जन्मताना जवळपास सगळ्या हाडांत लालच असते. पुढं हातापायांच्या टोकांकडून ती पिवळी होत जाते. मोठेपणी लाल मज्जा मुख्यतः कमरेच्या हाडात, मणक्यांत, फासळ्यांत, छातीच्या मधल्या हाडात आणि कवटीत उरते. नळीच्या पोकळीत असते ती पिवळी, म्हणजे बहुतांशी चरबी. कच्ची नळी उभी फोडून बघा: मध्ये बोटाला ओशट लागणारा पिवळट गर, आणि बोकड कोवळा असेल तर टोकाच्या जाळीदार हाडात लालसर झाक. रश्श्यात शिजल्यावर हा फरक कुठला दिसायला! नळी चवीसाठी जरूर खा, पण हिमोग्लोबिनला लोह लागतं, चरबी नव्हे.

लाल मज्जेत मूळ पेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या; पण नुसत्या त्यांच्यानं भागत नाही. मूळ पेशी तशी टिकते ती शेजारामुळे, असं शास्त्रज्ञ रे स्कोफिल्ड यांनी 1978 मध्ये मांडलं. तालमीत कुणाला अजून राखायचं आणि कुणाला कुस्तीला सोडायचं हे वस्ताद ठरवतो. इथं ते काम बारीक रक्तवाहिन्यांना लगटून असलेल्या आधारपेशी करतात. सीएक्ससीएल-12 हे प्रथिन सोडून त्या मूळ पेशींना जागेवर धरून ठेवतात, एससीएफ हे दुसरं प्रथिन देऊन जगवतात. प्रतिकारशक्तीच्या बी पेशीही याच शेजारात घडतात. टी पेशींच्या पूर्वजांना मात्र छातीतल्या थायमस ग्रंथीत जावं लागतं.

म्हणून पिवळी निकामी, असंही नाही. चरबीच्या पेशी रक्तनिर्मितीला आवर घालतात, असं 2009 मध्ये उंदरांत दिसलं. 2017 मध्ये, पुन्हा उंदरांतच, नेमकं उलट निघालं: किरणोत्सर्गानंतर लांब हाडांतल्या चरबीपेशी एससीएफ सोडून रक्तनिर्मिती परत उभी करायला मदत करतात. मला तरी यातलं हेच सगळ्यात नवलाचं वाटतं. शरीराला रक्ताची फारच ओढ लागली, तर पिवळी मज्जा पुन्हा लाल होऊ शकते.

मोठ्या माणसाची मज्जा तपासायची तर डॉक्टर सुई बहुधा कमरेच्या हाडात मागून घालतात. तान्ह्या बाळाची मात्र नडगीतूनही घेता येते. तिथं ती अजून लाल असते.