गटात कथा वाचली म्हणून हक्क जात नाही

"नोंदणी केल्याशिवाय किंवा स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवल्याशिवाय लेखन गटात कथा वाचू नका, हक्क जातो," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. भीती साहजिक आहे. रात्री जागून लिहिलेलं असतं.

पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखन कागदावर उतरलं की हक्क तुमचाच. नोंदणी ऐच्छिक. कलम ४५ उघडून बघा: अर्ज 'करू शकतो' असंच लिहिलंय, 'केलाच पाहिजे' असं नाही. वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढंच. स्वतःला पाठवलेल्या पाकिटाला कायद्यात वेगळं स्थान नाही.

एक मात्र खरं. नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर रुसून बसलेलं म्हातारं जोडपं कुणाच्याही कथेत येऊ शकतं. त्यावरची तुमची वाक्यं मात्र तुमचीच, तुमच्या पश्चात ६० वर्षांपर्यंत. खात्री करायची असेल तर गटात सगळ्यांना हाच विषय द्या. दोन कथा सारख्या निघणार नाहीत.

आणि कथा कुठं रेंगाळते, हे समोरच्यांच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. (बहुतेकदा पहिलं पानच उडतं.) शिवाय ऐकणारे दहाजण म्हणजे दहा साक्षीदार.