टाकीच्या झाकणाची बिजागरी: २०२ की ३०४, हे चुंबकाला विचारू नका

साधी लोखंडी बिजागरी माशांच्या टाकीवर टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बिजागरी कोणत्या आकाराची, यावरही फार डोकं खाजवायला नको. घरी बनवलेल्या प्लायच्या हुडाचं, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या आवरणाचं, झाकण दोन फुटांहून लांब असेल, तर सरळ पियानो बिजागरी घ्या. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला ती लांब पट्टीत मिळते आणि हॅक्सॉने हवी तेवढी कापता येते. वजन सगळ्या लांबीवर वाटलं जातं, झाकण पिळवटत नाही. कपाटाच्या दारांना बसवतात त्या ऑटो-क्लोज बिजागऱ्या मात्र इथे नकोच. त्यांच्या वाटीला ३५ मिमी व्यासाचं आणि साडेअकरा मिमीच्या आसपास खोल भोक लागतं, म्हणजे १२ मिमी प्लायमध्ये खाली काही उरतच नाही. वर ती स्प्रिंग झाकण बंद करायला टपलेली, आणि तुमचा हात खाद्य टाकायला आत गेलेला.

खरा घोळ आहे तो स्टीलचा. २०२ आणि ३०४ हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार. ‘चुंबक चिकटत नाही ना, मग ३०४च आहे,’ हे वाक्य दुकानदार म्हणतो, सुतार म्हणतो, आणि वीस वर्षं मासे पाळणारेही मान डोलावून म्हणतात. चुकीचं आहे ते. २०२सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. दोन्ही एकाच जातकुळीची स्टेनलेस आहेत. चुंबकाला त्यांच्यातला फरक कळायचं कारणच नाही.

फरक आहे तो निकेलचा. ३०४ मध्ये निकेल साधारण ८ ते १० टक्के असतं. २०२ मध्ये ते ४ ते ६ टक्क्यांवर आणून महाग निकेलची जागा मँगेनीज आणि थोड्या नायट्रोजनने भरून काढलेली असते. मँगेनीज तब्बल साडेसात ते दहा टक्के. १९५० च्या दशकात निकेलचा तुटवडा होता, तेव्हा २०२ ज्यात मोडतं ती २०० ची मालिका पुढे आली. क्रोमियम दोन्हींत जवळपास सारखंच, म्हणून नवी बिजागरी हातात घेतली तर चकाकी सारखी, वजन सारखं. पडद्याच्या रॉडला, वॉर्डरोबला २०२ उत्तम चालतं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र बाजारात २०२ म्हणून येणारा सगळाच माल या आकड्यांना धरून असतो असं नाही.

टाकीवर गणित बिघडतं ते बिजागरीच्या नळीत, म्हणजे सळई जिथून जाते तिथे. पाणी २६-२७ अंशांवर, वर झाकण, त्यामुळे आतली बाजू कायम दमट. एअरस्टोनचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात तेव्हा बारीक तुषार उडतात; ते वाळले की पाण्यातले क्षार मागे राहतात. गोल्डफिशच्या टाकीत मीठ घालायची सवय असेल तर विचारूच नका. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो अदृश्य पापुद्रा असतो, तो ओरखडा पडला तरी स्वतःहून भरून येतो, पण त्याला प्राणवायू लागतो. नळीच्या फटीत आणि स्क्रूच्या डोक्याखाली पाणी साचून राहतं, प्राणवायू संपतो, क्षारांतलं क्लोराइड गोळा होतं. तिथे २०२ आधी हार मानतं. पट्टी वरून आरशासारखी आणि सांध्यांतून तपकिरी ओघळ, असं दृश्य दिसलं की समजा. त्या गंजाने मासे मरत नाहीत. बिजागरी मात्र आवळते आणि एके दिवशी झाकण उचलताना स्क्रू प्लायसकट उपटून येतात.

आता चुंबकाचा उलटा खेळ पाहा. अस्सल ३०४ ची पट्टी नळीसाठी वळवली की त्या वळणावर स्टीलची आतली रचना थोडी बदलते आणि तिथे चुंबक हलकासा ओढला जातो. लोक ती बिजागरी ‘नकली’ म्हणून परत करतात आणि शेजारची २०२ आनंदाने घरी आणतात.

खात्री करायची तर स्टील तपासायच्या द्रवाची छोटी बाटली मिळते. पट्टीचा एक कोपरा पॉलिश पेपरने घासायचा, एक थेंब टाकायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा टेकवायच्या. काही सेकंदांत थेंब लाल झाला तर मँगेनीज भरपूर, म्हणजे २०० ची मालिका. लाल झाला नाही तर लगेच खूश होऊ नका, कारण ४३० या आणखी एका स्टेनलेसमध्येही मँगेनीज कमीच असतं. ते मात्र सपाट भागावरही चुंबकाला घट्ट धरतं. म्हणून आधी सपाट पट्टीवर चुंबक, मग थेंब; दोन्हींतून सुटलं तरच ३०४ समजून घ्यायचं. द्रव आम्लाचा असतो, नंतर तो कोपरा भरपूर पाण्याने धुवा.

चुंबकाचा एक खरा उपयोग आहे. तो सळईच्या टोकाला लावा. पट्ट्या ३०४ च्या आणि सळई साध्या पोलादाची, ही चलाखी सर्रास चालते. तिथे चुंबक कचकन चिकटला तर बिजागरी तशीच परत द्या. स्क्रूंचंही तेच: स्टेनलेस बिजागरीत मुलामा दिलेले पिवळे स्क्रू ठोकणाऱ्या सुताराला आधीच थांबवा. ओलाव्यात मोठ्या स्टेनलेस पट्टीला टेकलेला छोटा लोखंडी स्क्रू फार वेगाने खाल्ला जातो. स्क्रूही ३०४ चेच.

पितळेची बिजागरी दिसायला देखणी, गंजतही नाही, पण पितळेत तांबं असतं. हिरवट कळंक थेंबांबरोबर टाकीत उतरतो आणि झिंग्यांना, गोगलगाईंना तांबं सोसत नाही. झिंगे पाळणाऱ्यांनी तिचा विषयच काढू नये. समुद्री टाकीत लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. तिथे ३०४ सुद्धा डागाळतं. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम धातूवालं ३१६ स्टेनलेस मिळालं तर ठीक, नाहीतर मी बिजागरीच लावणार नाही, झाकण उचलून बाजूला ठेवता येईल असं करेन.

आणि करकरणाऱ्या बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते ओघळून पाण्यावर तवंग धरतं. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस घ्या, सळईपुरतंच, काडीच्या टोकावर मावेल एवढं.