खिशातल्या आयपॅकवर लिनक्स चढवताना

२००० साली कॉम्पॅकने आयपॅक हा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आणला. २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, १६ मेगाबाइट फ्लॅश (वीज गेली तरी माहिती टिकवणारी स्मृती), २४० बाय ३२० ठिपक्यांचा पडदा आणि आत विंडोज सीई. गंमत म्हणजे ते विंडोज पुसून लिनक्स बसवायची वाट कॉम्पॅकच्याच केंब्रिज (अमेरिका) इथल्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मोकळी केली. त्यांत जिम गेटिस होते. १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेल्या ‘एक्स विंडो’ या चित्रप्रणालीच्या मूळ कर्त्यांपैकी ते एक.

घरच्या पीसीवर लिनक्स बसवताना चुकलं तर सीडी घालून पुन्हा सुरुवात करता येते. इथे सीडी घालायची कुठे? वीज मिळताच प्रोसेसर पहिली आज्ञा वाचतो ती फ्लॅशच्या आरंभी बसलेल्या बूटलोडरमधून, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, आणि बदलायचा असतो नेमका तोच. तो पुसून नवा लिहिला जात असताना बॅटरीने मान टाकली, की हातात उरते वीट, म्हणजे सुरूच न होणारं यंत्र. मग यंत्र उघडून जेटॅगच्या (चिपशी थेट बोलणाऱ्या जोडणीच्या) तारा जोडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आधी विंडोजची प्रत काढून ठेवायची, चार्जर लावायचा आणि रीसेटच्या बटणाकडे बोट न्यायचं नाही.

पुढचं काम, म्हणजे पीसीवरून तारेने लिनक्स पाठवणं, नुसतं चिकाटीचं. सिरीयल केबलचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे जेमतेम साडेअकरा हजार बाइट. दहा मेगाबाइट चढवायला पाव तास. फ्लॅशवर जेएफएफएस२ ही फाइलप्रणाली असते. ती माहिती दाबून लहान करते आणि एकाच जागी वारंवार लिहून फ्लॅश झिजू नये याचीही काळजी घेते.

मग खरा प्रश्न: पडद्यावर रेघ कोणी ओढायची? लिनक्सवर खिडक्या-बटणांचं वातावरण पुरवणारे दोन संच होते, ओपी आणि जीपीई. ओपीत क्यूटी ही चित्रं काढणारी लायब्ररी थेट पडद्याच्या स्मृतीत रंग भरते, मध्ये दुसरं कोणी नाही. जीपीई मात्र एक्स सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमसाठी पडद्यावर चित्र काढणारा एक्स विंडोचा मधला प्रोग्रॅम, ठेवते. एक्स म्हणजे अवजड, असा पूर्वापार बोभाटा. पण एक्सवर काम करणाऱ्या कीथ पॅकार्ड यांनी त्याची छाटलेली आवृत्ती करून दाखवली, आणि मॅचबॉक्स या विंडो मॅनेजरने (खिडक्यांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने) प्रत्येक खिडकी पडदाभर पसरून ओढाताणच संपवली. मला जीपीईच जवळची वाटते. एक्ससाठी लिहिलेला प्रोग्रॅम थोड्या डागडुजीने तिथे चालू शकतो, इतकंच काय, आयपॅकवर चाललेल्या प्रोग्रॅमची खिडकी जाळ्यातून टेबलावरच्या पीसीवर उघडता येते. शिवाय जीपीई ज्यावर उभी आहे त्या जीटीके २ या लायब्ररीतलं पँगो, म्हणजे अक्षरं मांडणारा भाग, देवनागरी जाणतं: ‘कि’मधली वेलांटी टंकताना क नंतर येते, दिसायला हवी आधी. हा उलटापालटा हिशेब ते सांभाळतं, फाँट तेवढा आपण घालायचा.

२००५ साली नोकियाची ७७० ही टॅब्लेट आली. तिच्यात जीटीके आणि मॅचबॉक्स कारखान्यातूनच बसवलेले होते.